बारा मिनिटांची पडताळणी

४ ऑगस्ट, सकाळी ९ वाजून १७ मिनिटं

चि. टिकटिक हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काकाचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. प्रकृती ठणठणीत आहे. फोन करत नाही, कारण दुकानातल्या फोनवर मी गेले तीन महिने टोपली पालथी घालून ठेवली आहे. उचलला की पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी हप्ता कधी भरताय म्हणून विचारायची. कसला हप्ता म्हटलं, तर म्हणायची की ते तुम्हाला चांगलंच माहीत आहे. मला वाटलं भामटे असतील. आता कळतंय की ती बिचारी खरंच कर्जकंपनीची होती.

मूळ मुद्दा असा, की मालकीणबाई माझं दुकान विकतायत. सात फूट बाय पाच फूट, जिन्याखालचं. एकतीस वर्षं मी तिथे बसून घड्याळं दुरुस्त करतोय. कुठला स्क्रू कुठल्या डबीत आहे ते मी डोळे मिटून सांगेन. बाईंनी पहिला मान मला दिला, पण पंधरा ऑक्टोबरपर्यंतच. त्यानंतर मोबाईलची कव्हरं विकणारा एक गृहस्थ टपून बसलाय. परवा येऊन मापंसुद्धा घेऊन गेला. मी एका लेडीज घड्याळात डोकं घालून बसलो होतो आणि त्याने टेप माझ्या टकलावरून ताणली. दुकान गेलं तर मी जाऊ कुठे, हे मला खरंच कळत नाही. घरी बसायची मला सवय नाही.

बँकेत कर्ज मागायला गेलो. साहेब आधी फार छान बोलले, मग कॉम्प्युटरमध्ये बघून एकदम परके झाले. म्हणाले तुमचा क्रेडिट रिपोर्ट खराब आहे. मी म्हटलं, शाळा सुटल्यापासून मला कोणी रिपोर्ट दिलेला नाही. त्यांनी कागद काढून हातात ठेवला. त्यात माझ्या नावावर एक वस्तू घ्यायला काढलेलं कर्ज आहे आणि त्याचे पाच हप्ते थकलेत. वस्तू कोणती ते लिहिलेलं नाही. मी आयुष्यात कधी सुपारीसुद्धा उधार घेतली नाही.

तो कागद ज्या कंपनीने काढलाय त्याच कंपनीत तू नोकरीला, आणि तीही तक्रारींच्या खात्यात. मग प्रश्नच मिटला. तेवढी ती एक ओळ खोडून टाक. रबर नसेल तर मी पाठवतो.

तुझा बाप कसा आहे हे मी विचारत नाही. तो माझ्याहून बारा मिनिटांनी धाकटा आहे आणि ते मान्य करायला तयार नाही, तेव्हा विषयच संपला. तरी तू कळवलंस तर वाचीन.

लोभ असू दे. सध्या तेवढाच मला बिनव्याजी मिळतो.

तुझा,
मोठा काका

९ ऑगस्ट

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

रबर पाठवू नका. आमच्याकडे नातेवाइकाची नुसती फाईल उघडली तरी नोकरी जाते. तुमची तक्रार बहुधा माझ्या शेजारच्या टेबलावर जाईल. तिथे एक बाई बसतात, डोळ्यांवर एक चष्मा आणि डोक्यावर दुसरा. त्यांना मी तुमच्याबद्दल अवाक्षरही विचारणार नाही. मात्र काम कसं चालतं ते सांगते, त्याला मनाई नाही.

आमची कंपनी म्हणजे तुम्हाला वाटते तशी सगळं जाणणारी नाही. बँका आणि कर्जकंपन्या आम्हाला कळवतात की कोण हप्ते भरतो आणि कोण बुडवतो. आम्ही ते मांडून ठेवतो. खरं काय नि खोटं काय, आम्हाला काडीचं ठाऊक नसतं. तुम्ही तक्रार केलीत की आम्ही ती त्या कर्जकंपनीकडे धाडतो आणि तपासून सांगा म्हणतो. त्यांना तीस दिवस असतात. ते म्हणाले बरोबर आहे, तर ओळ राहते. म्हणाले चुकलं, तर दुरुस्त होते. काहीच म्हणाले नाहीत, तर काढून टाकावी लागते.

तेव्हा तक्रार करा आणि कृपा करून एका पानात करा. तुमची पत्रं मी लहानपणापासून वाचतेय, म्हणून हात जोडून सांगते. घड्याळं पाठवू नका.

अशा भानगडी कधी कधी घरातल्या घरात होतात, म्हणून मी बाबांना विचारलं की तुमचं काही कर्ज आहे का. त्यांनी पेपरवरची नजर न काढता सांगितलं की आपण कोणाचं दमडीचं देणं लागत नाही. बाबा एरवी कसेही असले तरी खोटं बोलत नाहीत, म्हणून ती वाट बंद.

ते बरे आहेत. तुम्ही विचारलं नाहीत हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, आपल्यापेक्षा बारा मिनिटांनी लहान माणसाने चौकशी केली काय आणि नाही केली काय. धन्य आहे तुम्हा दोघांची. आजी गावी होती तोवर दोघं तिलाच पत्र लिहायचात, आणि थोरला कोण विचारलं की ती ‘दोघंही’ म्हणायची, म्हणून प्रश्न आला नाही. ती गेली आणि तुम्ही पहिल्यांदा एकमेकांना लिहिलंत, तर दोघांनीही वर ‘चि.’ घातलं. दोघांनाही राग आला आणि दोघांनीही पत्र परत पाठवलं. त्याला नऊ वर्षं झाली. मी हे ऑफिसात कोणाला सांगत नाही. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी त्यामानाने शहाण्या वाटतात.

लोभ आहे तो पडताळणी न करता वाढवावा.

तुमची,
टिकटिक

२७ ऑगस्ट, दुपारी १२ वाजून ५ मिनिटं

चि. टिकटिक हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कंपनीने माझा घोर अपमान केला आहे.

मी तक्रार एका पानातच लिहिणार होतो. पण वस्तू कोणती ते ठाऊक नसताना ती माझ्याकडे नाही हे सिद्ध कसं करायचं? मग मी घरातल्या आणि दुकानातल्या झाडून सगळ्या वस्तूंची यादी केली, म्हणजे यादीत नाही ती वस्तू माझी नाही हे आपोआप ठरलं. सात पानं झाली. सोबत चौदा फोटो जोडले. त्यातल्या एकात मी रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवतोय. शेजारच्या न्हाव्याचं सर्टिफिकेटही जोडलं, की हा गृहस्थ केस कापायचे पैसेसुद्धा कापायच्या आधी देतो.

मग मी तपासणी अधिकाऱ्याची वाट बघायला लागलो. तपास म्हटल्यावर कोणीतरी येणारच. मालकीणबाईंकडून पाठीची खुर्ची मागून आणली. रोज इस्त्रीचा शर्ट घातला. न्हाव्याची साक्ष पाठ करून घेतली. तो ‘चारित्र्य’ म्हणताना दर वेळी कात्री खाली ठेवायचा, ती सवय मोडायलाच दोन दिवस गेले. एका दुपारी सुटाबुटातला माणूस आला. मी त्याला खुर्चीवर बसवलं, सगळ्या डब्या उघडून दाखवल्या, न्हाव्याने खणखणीत साक्ष दिली. तो घाबरून म्हणाला की मला फक्त घड्याळात सेल टाकून हवाय. त्याने सुट्टे पैसेही मागितले नाहीत, तसाच पळाला.

आणि नवव्या दिवशी तुमच्याकडून चिठ्ठी आली. एकच ओळ: ‘पडताळणी झाली, माहिती बरोबर आहे.’ मला सांग, कोणी केली पडताळणी? केव्हा केली? मी दुकानातून हललो नाही. जेवायलासुद्धा न्हाव्याला बसवून गेलो. नऊ दिवसांत माझ्या उंबऱ्यावर तुमचं माणूस तर सोडच, मांजरही फिरकलं नाही. मी साधं मनगटी घड्याळ तपासतो तर उघडून तपासतो. बाहेरून बघून, छान दिसतंय, बरोबरच असणार, असं म्हटलं असतं तर एकतीस वर्षं टिकलो असतो का?

कव्हरवाला आज पुन्हा आला होता. या वेळी बोर्ड कुठे लावायचा ते बघत होता. मी त्याला स्टूल दिलं नाही.

लोभ आहे, पण आज जरा मंद चालतोय.

तुझा,
मोठा काका

१ सप्टेंबर

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या बाईंनी दोन्ही चष्मे लावून माझ्याकडे पाहिलं. नंतर रडू आलं, तेही सांगते. आता शांतपणे वाचा आणि वाचताना हातात कुठलंही घड्याळ धरू नका.

तुमची फाईल मी उघडलेली नाही, पण दर वेळी काय होतं ते ठाऊक आहे. आमच्याकडे दिवसाला शेकडो तक्रारी येतात. प्रत्येकीला एक आकडा द्यायचा असतो. तुमची सात पानं, चौदा फोटो, न्हाव्याचं चारित्र्य, या सगळ्याचा मिळून एक आकडा झाला. त्या आकड्याचा अर्थ, ‘हे कर्ज माझं नाही’. तेवढाच कर्जकंपनीला गेला. तिकडच्या कारकुनाने स्वतःचाच कॉम्प्युटर उघडला. आडनाव जुळलं, नावाचं पहिलं अक्षर जुळलं, जन्मतारीख, घरचा पत्ता, फोन, सगळं जुळलं. त्याने ‘बरोबर’चं बटण दाबलं. म्हणजे ज्याने चुकीचं लिहिलं त्यालाच आम्ही विचारलं आणि त्याने आपलीच वही बघून आपण बरोबर असल्याचं सांगितलं. याला आमच्याकडे पडताळणी म्हणतात. मला लाज वाटते, पण पगार त्याचाच आहे.

पण सगळ्याच वाटा बंद नाहीत. आता तक्रार आमच्याकडे नको, थेट कर्जकंपनीकडे करा. मागणी एकच ठेवा: कर्जाचा मूळ अर्ज दाखवा. त्यावर सही असते, फोटो असतो, ओळखपत्राचा नंबर असतो. कॉम्प्युटरमधली माहिती कोणी तरी हाताने भरलेली असते आणि चूक तिथेच बसलेली असते. सोबत बँकेतल्या तुमच्या सहीचा नमुना जोडा. कागद एकमेकांशी जुळत नाहीत असं लेखी दिलं, की त्यांना नुसतं बटण दाबून सुटता येत नाही. हे तरी एका पानात बसवा.

यादीची नक्कल तुम्ही मला धाडलीत ती मी कौतुकाने वाचली. एक विचारायचं राहिलं. बाकी प्रत्येक वस्तूपुढे तुम्ही ‘चालू’ किंवा ‘बंद’ लिहिलंय. आजीच्या भिंतीवरच्या घड्याळापुढे मात्र ‘उघडायचं नाही’ असं का?

बाबा आठवड्यातून एकदा तरी सहज विचारल्यासारखं विचारतात की त्या घड्याळवाल्याचं काय झालं. मी सांगते की त्यालाच विचारा. मग ते पेपर वाचतात. पेपर कालचा असतो.

तुमचा लोभ मंद झाला असेल तर किल्ली द्यावी.

तुमची,
टिकटिक

२४ सप्टेंबर, दुपारी ३ वाजून ४२ मिनिटं

चि. टिकटिक हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अर्जाची नक्कल आली. पाकीट फोडलं आणि पहिल्यांदा फोटो बघितला. तो माझाच होता.

तुला सांगतो, मी पुन्हा पाकिटावरचं नाव वाचलं. नाक माझं, टक्कल माझं, फोटो काढताना श्वास कोंडून धरायची खोडही माझी. क्षणभर मला वाटलं की मीच कुठेतरी जाऊन कर्ज काढून आलो आणि विसरलो. न्हाव्याला दाखवला. त्याने फोटो बघितला, मला बघितलं आणि मुकाट्याने आपलं सर्टिफिकेट परत मागायला लागला. मग मी डोळ्याला भिंग लावलं. डाव्या भुवईत तीळ दिसला. मला तीळ नाही. तो एकाच माणसाला आहे आणि तो माणूस तुझ्या घरी कालचा पेपर वाचत बसलेला आहे.

सहीही त्याचीच. शेवटच्या अक्षराची शेपटी पार पानाबाहेर. कर्ज कशासाठी, तर जागच्या जागी पळायच्या मशीनसाठी. ओळखपत्राच्या नंबराचा रकाना कारकुनाने कोराच सोडलाय, म्हणून तुमच्या कॉम्प्युटरला जे जुळलं ते पुरलं. जन्मतारीख आमची एकच, आईने नावं ठेवली तीही एकाच अक्षरावरून, आणि त्याच्या कागदपत्रांवर पत्ता अजून आपल्या जुन्या घराचाच, जिथे मी राहतो.

राहिला फोन. दुकानाचा नंबर त्या अर्जात कसा, हे मी फार वेळ शोधत होतो. खाली एक रकाना आहे, की अडीअडचणीला कोणाला कळवायचं. तिथे त्याने स्वतःच्या हाताने माझ्या दुकानाचा नंबर लिहिलाय. पाठ असल्यासारखा, एका दमात. कारकुनाने तोच उचलून कर्जदाराचा म्हणून भरला. नऊ वर्षं तोंड बघितलं नाही आणि अडचणीला मी. हे वाचून माझं भिंग धुरकट झालं. पुसलं, तर पुढे नातं लिहिलेलं दिसलं: ‘धाकटा भाऊ’. कर्जाच्या अर्जातसुद्धा याने ती संधी सोडली नाही.

कर्जकंपनीच्या मॅनेजरबाईंना भेटलो. भल्या आहेत. म्हणाल्या सही जुळत नाही हे खरं, पण फोटो तर तुमचाच दिसतो. तुमचा जुळा भाऊ आहे हे तुम्ही म्हणता. त्याने स्वतः येऊन लिहून द्यावं, की हे कर्ज माझं आणि मी यांचा कोण लागतो. ते आलं तर आठवड्यात दुरुस्ती करून तुमच्या कंपनीला कळवतील. नाही आलं तर चौकशी पुढे चालेल, आणखी तीस दिवस. तोवर माझ्या दुकानात कव्हरं लटकतील.

मी त्याला लिहिणार नाही. लिहायला बसलो होतो, खोटं कशाला बोलू. पण सुरुवात काय करू? ‘चि.’ घातलं तर तो पत्र परत पाठवणार. आणि ‘ती. स्व.’ माझ्या हातून लिहून होत नाही. अर्धा तास पेन उघडं राहून वाळलं. तूही त्याला काही सांगू नकोस. अर्थात तू ऐकणार नाहीस.

तुझा,
काका

२८ सप्टेंबर

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

ऐकलं नाही.

आधी माझा कबुलीजबाब. ते पळायचं मशीन आमच्या गॅलरीत आहे. वर्षभर मी त्यावर कपडे वाळत घालतेय. म्हणजे तुमच्या तक्रारीच्या शेजारच्या टेबलावर मी रोज जे कपडे घालून बसत होते, ते तुमच्या तक्रारीच्या पुराव्यावर वाळलेले होते. आमच्या खात्याने याहून जवळून तपास कधीच केला नसेल.

मी तुमचं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मशीनपर्यंत आल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला. झालं असं होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून त्यांनी ते हप्त्यावर घेतलं आणि आम्हाला मात्र मित्राने फुकट दिलं म्हणून सांगितलं. तिसऱ्याच दिवशी मशीन आपल्या मनाने धावायला लागलं आणि बाबा शेवंतीच्या कुंडीत जाऊन बसले. तीनदा दुरुस्ती झाली. शेवटी दुकानदार म्हणाला की आम्ही मशीन परत नेतो, कर्जही रद्द होईल. बाबांनी हप्ते थांबवले आणि विषय मिटला समजले. मशीन न्यायला कोणी आलं नाही. कर्ज रद्द झाल्याचा कागद त्यांनी मागितला नाही. एवढे कागदांना जपणारे बाबा, पण दिलेल्या शब्दावर विसंबले. दमडीचं देणं नाही म्हणाले तेव्हा ते खरंच तसं मानत होते.

फोन नंबराची ओळ मी दोनदा वाचली. बाबा उठले आणि झाडांना पाणी घालायला गेले. झाडांना आईने तासापूर्वीच पाणी घातलं होतं. बराच वेळ ते त्या मशीनजवळ माझ्या ओल्या ओढण्यांमध्ये उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी एवढंच विचारलं, “दुकानाची तारीख कोणती म्हणालीस?” मी सांगितली.

आज सकाळी त्यांनी रजा टाकली आणि चांगला शर्ट घालून बाहेर पडले. परत आले तेव्हा हातात एक लांब पाकीट होतं. आता खोलीचं दार लावून काहीतरी लिहितायत. दोन कागद फाडले, तिसऱ्यावर आहेत. काय लिहितायत ते मला दाखवलेलं नाही आणि मी बटण दाबून ‘बरोबर’ म्हणणार नाही. तुम्हीच बघा.

जास्त काय लिहू. लोभाचा हप्ता मात्र थकवू नये.

तुमची,
टिकटिक

२९ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

वरची ओळ एकदा वाचलीस, तेवढी पुरे. न्हाव्याला वाचून दाखवू नकोस.

कर्जकंपनीत जाऊन आलो. थकलेले सगळे हप्ते भरले, दुकानदाराशी माझं मी बघून घेईन. सोबत त्यांना दिलेल्या कागदाची नक्कल आहे. त्यात मी लिहून दिलंय की कर्ज माझं आहे, फोटो माझा आहे, आणि ज्यांच्या नावावर ते चुकून चढलं त्या घड्याळजींचा मी धाकटा जुळा भाऊ आहे. मॅनेजरबाईंनी विचारलं की धाकटा कशावरून, काही पुरावा आहे का. मी म्हटलं माझ्याविरुद्धचं मीच लिहून देतोय, आणखी कसला पुरावा हवा. त्यांनी शिक्का मारला.

आता हे शिक्क्याच्या कागदावर आहे. तुझं दुकान तुझ्याकडे राहू दे. तू घरी बसलास तर घरातली घड्याळं वैतागतील.

हप्त्यांसाठी फोन यायचे ते तुला यायचे, हे मला माहीत नव्हतं. तो नंबर मी लिहिला, कारण अडचणीचा रकाना समोर आला आणि दुसरा कोणता नंबर आठवला नाही. माझा स्वतःचा नंबरही मला बघून सांगावा लागतो.

मशीन हवं असेल तर घेऊन जा. कपडे चांगले वाळतात.

लोभ असावा. हप्त्याहप्त्याने चालेल.

तुझा धाकटा भाऊ

१६ ऑक्टोबर, सकाळी १० वाजून २ मिनिटं

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तू वाचून चष्मा पुसशील, म्हणून पुन्हा लिहितो. ती. स्व. दादास.

आधी बातमी. तुझा कागद पोचला आणि सहाव्या दिवशी माझ्या रिपोर्टवरची ती ओळ निघाली. टिकटिकच्या कंपनीची चिठ्ठी आली, की तपासाअंती माहिती दुरुस्त केली आहे. या वेळी खरंच कोणीतरी तपास केला होता आणि तो तू केलास. बँकेने बाकी सगळं आधीच बघून ठेवलं होतं. एवढाच रिपोर्ट अडला होता. काल, पंधरा तारखेला, चार वाजायला दहा मिनिटं असताना मालकीणबाईंनी सही केली. दुकान माझं झालं. कव्हरवाला टेप घेऊनच आला होता. मी त्याला स्टूल दिलं, चहा पाजला आणि त्याच्या घड्याळाचा पट्टा फुकट बदलून दिला. तो गेल्यावर मी दुकानाच्या मधोमध उभा राहून थोडा रडलो. मधोमध म्हणजे काय, तिथे एकच माणूस मावतो.

आता माझी तक्रार. ती माझ्याविरुद्ध आहे.

आई गेल्यावर तिचं भिंतीवरचं घड्याळ मी गावाहून दुरुस्तीला म्हणून आणलं. उघडलं तर आत एक घडी घातलेली चिठ्ठी होती, आपण जन्मलो त्या दवाखान्याची. नर्सच्या अक्षरात दोन ओळी आहेत. पहिला मुलगा, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं, डाव्या भुवईत तीळ. दुसरा मुलगा, तीन बावन्न, तीळ नाही. मी आरशात बघितलं. भिंग लावूनही बघितलं. तीळ उगवला नव्हता. मी चिठ्ठी होती तशी आत ठेवली, घड्याळ बंद केलं, आणि आठच दिवसांनी तुला पत्र लिहिलं. वर ‘चि.’ घातलं.

टिकटिकच्या कंपनीवर मी दोन महिने तोंडसुख घेतलं, की जो चुकीचं लिहितो त्यालाच विचारता आणि तो आपलीच वही बघून बरोबर म्हणतो. नऊ वर्षं मी दुसरं काय केलं? कोणी विचारलं की मी स्वतःलाच विचारायचो आणि माहिती बरोबर आहे असं उत्तर द्यायचो. तुझ्याकडे कागद नव्हता तरी तू खरं बोलत होतास. माझ्याकडे कागद होता आणि मी त्यावर झाकण लावून बसलो होतो. आणि तू माझ्या दुकानासाठी शिक्क्याच्या कागदावर खोटं लिहून आलास, तेही आपण खरे आहोत हे ठाऊक असताना. मला फार लाज वाटली, दादा. फार वाईट वाटलं.

चिठ्ठी सोबत पाठवतोय. तूच ठेव. मॅनेजरबाईंना दाखवायला जाऊ नकोस, नाहीतर त्या पुन्हा तीस दिवस घेतील. त्यांच्या कागदावर मी थोरला राहिलो तरी चालेल, पत्रात मात्र यापुढे राहणार नाही. आईचं घड्याळ आज उघडलं, तेल घातलं, चालू केलं. थोडं मागे पडतं, ते बघतोय. न्हाव्याला मी सगळं सांगितलं. त्याने सर्टिफिकेटमधून ‘चारित्र्य’ खोडायचं ठरवलंय, पण केस कापायचे पैसे आता नंतर दिले तरी चालतील म्हणतो.

टिकटिकला आशीर्वाद. ते मात्र दोघांकडूनही चालतात.

तुझा लोभ कमावलेला नव्हता, तरी तू तो ठेवलास. आता मी फेडत राहीन.

तुझा धाकटा भाऊ
(बारा मिनिटांनी. पडताळणी झाली, माहिती बरोबर आहे.)

ता. क. फोनवरची टोपली काढली आहे. नंबर तुला पाठ आहेच.